फाळापासून ट्रॅक्टरपर्यंत : दुरुस्तीच्या ज्ञानाची वाटचाल

छत्रपती संभाजीनगराहून जालना रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे चिकलठाणा लागते. आज तेथे विमानतळ व औद्योगिक वसाहत आहे. परंतु भोवतालच्या काळ्या जमिनीत अद्याप पेरणी होते, आणि मृगानंतर वापसा आला की एकेका दिवसाचे मोल शेतकऱ्यास कळते. अशा दिवशी ट्रॅक्टर अडला, तर विचारावे कोणास? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

लाकडी नांगराच्या काळी तो पडतच नसे. रुमणे सैल झाले तर सुतार, फाळ बोथट झाला तर लोहार. सुगीत त्यांस धान्याचे बलुते मिळे. दुरुस्तीचे सारे ज्ञान गावाच्या वेशीच्या आत होते.

१९०३ च्या सुमारास बेळगावी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शंका लोकांनी घेतली. त्या शंकेच्या पोटी दुसरी रास्त भीतीही असावी : हा मोडला तर सांधणार कोण? १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, व १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. पुढे नामांकित मासिक झालेले हे पत्र आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठीच होते. वेशीबाहेर गेलेले ज्ञान छापील कागदावरून गावात परतू लागले, ते असे.

ट्रॅक्टर आल्यावर हे अंतर आणखी वाढले. १९५५ मध्ये मध्य प्रदेशात बुधनी येथे ट्रॅक्टर शिक्षणाचे केंद्र निघाले. १९६३ मध्ये मुंबईस महिंद्र, व्होल्टास व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीने ट्रॅक्टरची कंपनी स्थापन झाली. यंत्राचे मर्म आता कारखान्याच्या पुस्तिकेत आणि शहरातील विक्रेत्याच्या मिस्त्रीपाशी राहिले. उरलेली उणीव शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने भरून काढली. विक्रेत्यास यंत्र ठाऊक असते, शेजाऱ्यास त्याच यंत्राचे आपल्या मातीतील वागणे ठाऊक असते. दोघांपैकी एकावाचून दुसरा अपुरा आहे.

मात्र उत्तर हवे तर प्रश्न नेमका हवा. ‘ट्रॅक्टर बिघडला’ एवढ्याने कोणासच काही कळत नाही. धूर काळा असेल तर हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. निळा असेल तर वंगण जळत आहे. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर डिझेलच्या नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. बिघाड थंड असता होतो की तापल्यावर, रिकामे असता की औत ओढताना, आणि त्यापूर्वी कशास हात लावला होता, हे सांगावे. बदललेला भाग, तारीख व चाललेले तास वहीत टिपावेत. पंपावरील क्रमांक उतरवून घ्यावा, म्हणजे विक्रेता चुकीचा भाग देणार नाही. शेजाऱ्याने सांगितलेला उपाय पुस्तिकेशी ताडून पाहावा. विशेषतः डिझेलच्या पंपाची बांधणी केवळ ऐकीव माहितीवर उघडू नये.

आणि आपले यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले, असे मानू नये. काय बिघडले होते व कशाने सुधारले, हे दुसऱ्यास सांगावे. बलुतेदारी गेली, परंतु तिच्याबरोबर गावाबाहेर गेलेले ज्ञान परत आणण्याचा मार्ग हाच आहे.