फिश टँकमधली झाडं नेमकं खातात काय? पावणेचारशे वर्षांचं एक भांडण

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी नुकताच पहिला फिश टँक घेतलाय. दोन फुटी काच, वर साधा एलईडी, आत चार गप्पी आणि प्लॅस्टिकची नाही तर खरी झाडं. सीओटूचा सिलिंडर वगैरे काही नाही. याला हौशी लोक 'लो-टेक' म्हणतात.

पहिले तीन आठवडे मस्त जातात. मग पानं पिवळी पडायला लागतात आणि काचेवर हिरवट थर चढतो. एक दुकानदार बाटली हातात ठेवतो, "हे टाका, झाडांचं खाणं आहे." दुसरा म्हणतो, "खत टाकलंत म्हणूनच शेवाळ आलं, आधी बंद करा." आता यातलं खरं कोणाचं?

हे भांडण आजचं नाही. झाड नेमकं काय खातं, यावर युरोपात पिढ्यान्‌पिढ्या डोकेफोड झाली. आणि गंमत बघा, यातले कितीतरी महत्त्वाचे प्रयोग झाले ते पाण्यातच.

सुरुवात करू बेल्जियममधल्या फान हेल्मोंटपासून. त्याने कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती भरली आणि त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं. 5 वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं 169 पौंड, आणि मातीचं वजन घटलं होतं जेमतेम 2 औंस. त्याचा निष्कर्ष होता की झाड पाण्यापासूनच बनतं. हे छापून आलं 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. ते 2 औंस त्याने सोडून दिले. ते लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहेत.

1699 मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने पुदिना वेगवेगळ्या पाण्यात वाढवला. पावसाचं पाणी, थेम्स नदीचं पाणी, हाइड पार्कच्या नळाचं पाणी, आणि त्याच नळाच्या पाण्यात कालवलेली बागेतली माती. सगळ्यात जास्त पुदिना वाढला माती कालवलेल्या पाण्यात. मग नुसतं पाणी हे उत्तर कसं असेल? वुडवर्ड म्हणाला, खरं खाणं मातीत आहे.

तिसरं उत्तर आलं हवेचं. 1771 मध्ये जोसेफ प्रीस्टलीने दाखवलं, की मेणबत्ती जळून 'खराब' झालेली हवा पुदिन्याची फांदी पुन्हा चांगली करते. पण हा प्रयोग कधी जमायचा, कधी फसायचा. का, ते शोधलं यान इंगेनहाउझने. 1779 च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून या डच डॉक्टरने झाडांवर शेकडो प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात. म्हणजे सगळा खेळ उजेडाचा आणि हिरव्या भागाचा! आज तुमच्या टँकमध्ये पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसले की लोक 'पर्लिंग' म्हणून इन्स्टावर टाकतात. इंगेनहाउझ तेच बघत होता.

त्याच्या पाठोपाठ जिनीव्हाच्या सेनेबिएने एक साधा पण जबरदस्त बदल केला. पाणी उकळून त्यातली हवा काढून टाकली, मग पानं त्यात ठेवली. ऊन आहे, पाणी आहे, पण बुडबुडे गायब. कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात मात्र ते पुन्हा आले. लो-टेक टँकवाल्यांनी हा प्रयोग पाठच करून ठेवावा, असं मला वाटतं. झाडाच्या अंगातला कार्बन बाटलीतल्या खतातून येत नाही, तो येतो कार्बन डायऑक्साइडमधून.

आणि आपल्याकडे तो किती असतो? नुसत्या हवेच्या संपर्कात असलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम, फार तर थोडा जास्त. सिलिंडरवाले हाच आकडा 30 मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. शिवाय पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे लो-टेक टँकमधलं झाड कायम अर्धपोटी असतं, आणि ती भूक असते कार्बनची.

आता पुन्हा त्या 2 औंसांकडे येऊ. जर्मनीत आधी स्प्रेंगेलने आणि मग 1840 पासून लीबिगने ठासून मांडलं, की झाडाला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम अशी खनिजं लागतात आणि वाढ ठरते ती सगळ्यात कमी पडणाऱ्या गोष्टीवरून. पुढे लोकांनी यासाठी लाकडी पिंपाचं चित्र काढलं. सगळ्या फळ्या उंच, पण एक आखूड असेल तर पाणी तिथपर्यंतच राहणार. बाकीच्या फळ्या कितीही वाढवा, काही फरक नाही. 1860 च्या दशकात साक्स आणि क्नोप यांनी तर मातीशिवाय, फक्त पाण्यात मोजून-मापून क्षार विरघळवून रोपं वाढवली. तुमच्या बाटलीतल्या खताचे पणजोबा म्हणजे हे क्नोपचं पाणी.

याच काळात लंडनमध्ये फिश टँकचाही जन्म होत होता. रॉबर्ट वॉरिंग्टन हा अपॉथेकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ. त्याने 1849 मध्ये सुमारे 12 गॅलनच्या काचेच्या भांड्यात वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले. काही दिवस छान गेले. मग जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, हिरवा थर आला. ओळखीचं वाटतंय ना? बाजारात बाटली नव्हतीच. त्याने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं साफ केलं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी निवळलं. 1850 मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉसच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला.

वॉरिंग्टनच्या भांड्यात झाडांना खाऊ कोण घालत होतं? चिखल, माशांची विष्ठा आणि कुजणारी पानं. 1999 मध्ये अमेरिकेच्या डायना वॉलस्टाड यांनी लो-टेक टँकवर पुस्तक लिहिलं, त्याचं सार याच्या जवळचं आहे. वाळूखाली साधी माती ठेवा आणि माशांना खायला घाला, त्यातूनच झाडांचं बरंचसं भागतं.

मग शेवाळाचं काय? 1990 च्या दशकात सीअर्स आणि कॉन्लिन या दोन हौशी लोकांनी घरगुती खताची कृती दिली. त्यात फॉस्फेट मुद्दाम घातलं नव्हतं, कारण ते आखूड ठेवलं की शेवाळ उपाशी राहील, असा हिशोब होता. नंतर टॉम बार यांनी उलट दाखवलं. झाडं जोमात असतील तर जास्तीच्या फॉस्फेटनेही शेवाळ येत नाही. त्यांची पद्धत अशी, की सगळं भरपूर घाला आणि दर आठवड्याला अर्धं पाणी बदला. पण ती पद्धत बसते भरपूर उजेड आणि सीओटू असलेल्या टँकला. ती जशीच्या तशी आपल्या दोन फुटीवर लादली, तर पैसे पाण्यात. अगदी शब्दशः!

म्हणजे दोन्ही दुकानदार अर्धे बरोबर. प्रश्न 'खत घालू की नको' हा नाहीच. प्रश्न आहे, तुमच्या पिंपाची आखूड फळी कुठली?

उजेड जास्त आणि कार्बन कमी असेल तर झाड तो उजेड वापरूच शकत नाही, शेवाळ मात्र वापरतं. तिथे बाटली काही करणार नाही. आधी दिवा सहा ते आठ तासांवर आणा. मासे बऱ्यापैकी असतील तर नायट्रोजन-फॉस्फरस खाद्यातून येतोच. कमी पडतं ते बहुतेक वेळा पोटॅशियम आणि लोह. जुन्या पानांना बारीक भोकं पडतायत तर पोटॅशियमवर संशय घ्या. जुनी पानं सरसकट पिवळी पडतायत तर नायट्रोजन. नवी पालवी फिकट येतेय तर लोह. कठीण, अल्कलाइन पाण्यात, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात, साधं लोह खाली बसून जातं, म्हणून लेबलवर 'चिलेटेड' लिहिलंय का बघा.

क्रिप्टोकोरिनसारखी झाडं मुळांनी खातात, त्यांच्याजवळ वाळूत रूट टॅब खुपसा. अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला बांधतात, ती पाण्यातूनच खातात. बाटली वापरायचीच तर लेबलवरच्या निम्म्या मापाने, आठवड्यातून एकदा. आणि तीन-चार आठवडे दुसरं काहीच बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच कळतं की कशाने फरक पडला. पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे नजर ठेवायची ती नव्या पानांवर.

पाणी, माती, हवा, उजेड. यातलं एकेक उत्तर घेऊन मोठमोठी माणसं भांडली, आणि प्रत्येकाच्या हातात खऱ्याचा एक तुकडा होता. तुमच्या टँकमध्ये ती सगळी उत्तरं एकत्र नांदतात. तेव्हा आज रात्री बाटली उघडण्याआधी दोन मिनिटं टँकसमोर बसा आणि नीट बघा, नवं पान कसं येतंय, जुनं कसं जातंय.

भेटू पुढच्या भागात. तोवर माशांना खायला बेतानेच घाला!