विस्तव राखणे : यवतमाळची चूल, जंगल आणि जळणाचा हक्क

१/
“त्या दोन घरांत विस्तव जात नाही,” असे आपण आजही म्हणतो. अर्थ असतो वैराचा. पण शब्दांत दडले आहे ते शेजारधर्माचे जुने चित्र. ज्या घरची चूल रात्रीतून विझे, त्या घरचे माणूस सकाळी शेजारी निखारा मागायला जाई. तेवढेही देणेघेणे जिथे उरले नाही, तिथे संबंधच संपले. आजचा धागा या विस्तवाचा आहे: तो रात्रभर कसा राखला जाई, आणि यवतमाळ जिल्ह्यात त्याच्या जळणावर हक्क कोणाचा होता?

२/
विस्तव राखावा का लागे? कारण काडेपेटी अगदी अलीकडची. घर्षणाने पेटणारी काडी इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने १८२७ च्या सुमारास विकायला आणली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतही भारतात येणाऱ्या बहुतेक काड्या स्वीडन आणि जपानच्या असत. त्याआधी होती ती चकमक, आणि चकमकीपेक्षा सोपा मार्ग म्हणजे कालचाच विस्तव आज जिवंत ठेवणे.

३/
थंड देशांत लोखंडी बंद शेगड्या रूढ झाल्या. त्यांना दार असते. रात्री लाकूड ठासून भरायचे, हवेची वाट अरुंद करायची आणि झोपी जायचे. आपल्या मातीच्या चुलीला दारच नाही. तिचे तोंड सदैव उघडे. त्यामुळे तिच्यात लाकूड ‘भरत’ नाहीत, ‘सारतात’. लांब लाकडाचे फक्त टोक आत जळते, उरलेले बाहेर राहते. आच वाढवायची तर लाकूड पुढे सारा, कमी करायची तर मागे ओढा. हवेची झडप नसलेल्या चुलीत लाकडाची लांबी हीच झडप.

४/
चुलीशेजारी असे वैल. चुलीतील आच एका भोकातून वैलाकडे जाई. पुढे ज्वारीची भाकरी, मागे मंद आचेवर वरण किंवा पाणी. एका सरपणात दोन भांडी. भाकरीला हवी झपकन उठणारी ज्वाळा, डाळीला हवी टिकणारी धग. म्हणून जाणती बाई एकाच जातीचे जळण घालत नसे. ज्वाळेसाठी तुराट्या आणि काटक्या, धगीसाठी जाड लाकूड, आणि दोन लाकडांमध्ये हवा खेळेल एवढी फट.

५/
यामागे साधे शास्त्र आहे. लाकूड तापले की आधी त्यातून वायू निघतात. ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. उरतो तो कोळसा, आणि तो ज्वाळेविना सावकाश जळतो. बारीक काटकीला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार, म्हणून ती भडकते आणि संपते. जाड, जड लाकडाला पृष्ठभाग कमी, म्हणून ते टिकते. यवतमाळच्या जंगलातील धावडा आणि खैर यांचा निखारा म्हणूनच नावाजलेला. सालईसारखे हलके लाकूड लवकर राख होते.

६/
आता रात्रीची रीत. स्वयंपाक आटोपला की जळती लाकडे बाहेर ओढून विझवायची. ती उद्याची शिल्लक. मागे राहिलेले निखारे पसरू न देता चुलीच्या एका कोपऱ्यात जवळजवळ लोटायचे. त्यांवर गोवरीचा तुकडा किंवा लाकडाचे जाड बुंध ठेवायचे आणि सगळे राखेने झाकायचे. सकाळी राख बाजूला सारून वर वाळकी काटकी ठेवली, फुंकणीने दोन फुंकरा घातल्या, की चूल पुन्हा पेटे.

७/
राख येथे दोन कामे करते. ती निखाऱ्यापर्यंत हवा बेताने पोहोचू देते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. निखारे एकमेकांना बिलगलेले असले की एकाची ऊब दुसऱ्याला मिळते. सुटा निखारा काळा पडतो. बंद शेगडीतील झडप जे काम करते, तेच काम येथे मूठभर राख करी. पण राखून ठेवायला मुळात निखारा हवा, निखाऱ्याला जाड लाकूड हवे, आणि जाड लाकूड होते जंगलात. येथून ही गोष्ट स्वयंपाकघराबाहेर पडते.

८/
वऱ्हाड निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली. कापसाचे शेत पसरत गेले, तसतशी गावालगतची कुरणे आणि झुडपी राने आक्रसत गेली.

९/
उरलेल्या रानावर कायदा आला. ब्रिटिश हिंदुस्थानाचा वन कायदा १८७८ चा. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्याने त्याच्यासाठी १८८६ मध्ये वेगळा वन कायदा झाला. सरकारी जंगलाचे वर्ग पाडले गेले: लाकूड व जळणासाठी राखीव जंगल, गवताची राखीव कुरणे आणि चराईची जमीन. काल जे ‘आपले रान’ होते, तेथून मोळी आणायची तर आता परवाना आणि शुल्क. परवान्याविना आणली तर दंड.

१०/
त्या कायद्यामागे केवळ लोभ होता, असे म्हणणे अपुरे ठरेल. बेसुमार तोडीने जंगल संपेल ही भीती खरी होती. पण राखलेले लाकूड कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. सागाचा बांधकामाला आणि व्यापाराला भाव होता. चुलीतल्या सरपणाला बाजारात तेवढे मोल नव्हते. हिशेबाच्या वहीत ज्याला मोल नाही, त्याची गरज मागे पडते. कोलाम, गोंड, आंध अशा जंगलालगतच्या लोकांना आणि शेतमजूर घरांना ही झळ सर्वांत आधी लागली.

११/
मग शेतानेच सरपण दिले. कापसाची वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या आणि तूर झोडून उरलेल्या तुराट्या घरामागे रचल्या जात. आजही यवतमाळच्या खेड्यांत पऱ्हाट्यांचे हे ढीग दिसतात. म्हणजे ज्या पिकाने रान मागे ढकलले, त्याच पिकाची काडी चुलीत आली. मात्र पऱ्हाटी भराभर जळते. तिच्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईला चुलीसमोरून उठता येत नाही. जाड लाकूड गेले, त्याची किंमत तिच्या वेळाने चुकवली.

१२/
१९३० मध्ये गांधीजींनी मीठ उचलले. वऱ्हाडला समुद्र नाही. येथील माणसाला रोज बोचणारा कायदा होता जंगलाचा. वणी येथे जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे, म्हणजेच बापूजी अणे, यांनी हे ओळखले. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि अटक पत्करली. किनाऱ्यावर जे स्थान मुठीतल्या मिठाला, ते येथे गवताच्या पेंढीला मिळाले.

१३/
ठिणगी पुसदला थांबली नाही. त्याच वर्षी आजच्या सांगली जिल्ह्यातील बिळाशीत लोकांनी सागाचे झाड तोडून त्याच्या खांबावर तिरंगा चढवला. २५ सप्टेंबर १९३० रोजी रायगडमधील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे मारली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत हे सारे ‘सविनय कायदेभंग’ या मथळ्याखाली येते. मात्र गावकऱ्यांच्या दृष्टीने हा गुरांच्या चाऱ्याचा, घराच्या वाशांचा आणि चुलीतल्या सरपणाचा लढा होता.

१४/
दुसरा प्रयत्न चुलीकडूनच झाला. यवतमाळच्या सीमेवरून वर्धा नदी वाहते, पलीकडे वर्धा. तेथे डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली. संघाचे ठिकाण मगनवाडी, मगनलाल गांधींच्या नावाने ओळखले जाणारे. तेथील प्रयोगांतून मगन चूल आकाराला आली: मातीचीच, पण बंदिस्त, आच एका भांड्याखालून दुसऱ्याकडे नेणारी आणि धूर धुराड्यातून बाहेर सोडणारी.

१५/
धुराडे का हवे होते? येथे विस्तव राखण्याच्या कौतुकाची काळी बाजू दिसते. हवा कमी केली की लाकूड जास्त वेळ टिकते हे खरे. पण मग ते पुरते जळत नाही. न जळालेले वायू धूर होऊन बाहेर येतात, त्यांत विषारी कार्बन मोनॉक्साइडही असतो. जास्त वेळ टिकणाऱ्या आगीची किंमत डोळे आणि फुप्फुसे देतात, आणि ती बहुतेक वेळा घरातल्या बाईची व तिच्या कडेवरच्या मुलाची असतात.

१६/
१९५३ मध्ये हैदराबादेत एस. पी. राजू यांनी धूरविरहित चुलीचा पुरस्कार केला. १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम राबवला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ मोडल्या, पुष्कळ वापराविना पडल्या. एक कारण फार साधे होते: नव्या चुलीचे तोंड लहान. लांब लाकूड सारण्याची सोय गेली, ते फोडून बारीक करावे लागे. जळण वाचले, कुऱ्हाडीचे काम वाढले.

१७/
लाकूड एकदाच भरून तासन्‌तास चालणारी शेगडीही महाराष्ट्राने वापरली: भुशाची शेगडी. पत्र्याच्या डब्याच्या मध्यभागी बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक दांडू तिच्यापर्यंत सरकवायचा आणि भोवती आरागिरणीचा भुसा ठोकून ठोकून बसवायचा. बाटली आणि दांडू अलगद काढले की हवेचा बोगदा तयार. आग त्या बोगद्याच्या भिंती आतून हळूहळू खात जाते. भुसा सैल राहिला तर मात्र तो कोसळतो आणि शेगडी गुदमरते.

१८/
२००६ च्या वनहक्क कायद्याने गावांचे निस्ताराचे सामूहिक हक्क मान्य केले. म्हणजे रानातून घरगुती गरजेपुरते घेण्याची जुनी वहिवाट पुन्हा कायद्यात आली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी खेड्यांत पोहोचली. तरीही अनेक घरांत सिलिंडरशेजारी चूल आहेच. सिलिंडर पुन्हा भरायला रोख पैसे लागतात, पऱ्हाटीला लागत नाहीत.

१९/
म्हणून चुलीत लाकूड कसे रचावे हा केवळ हातोटीचा प्रश्न नव्हता. चुलीत काय येणार, हे जंगलाच्या हद्दीवर, कापसाच्या भावात आणि नियमांच्या कागदावर ठरत होते. जे येईल त्यातून रात्रभर विस्तव जिवंत ठेवणे एवढेच त्या बाईच्या हाती होते. तिने ते केले. सत्याग्रहींच्या याद्या दप्तरात सापडतात. रोज राख सारणाऱ्या या हातांची नोंद कोणी ठेवली नाही.

२०/
ती नोंद अजून मिळू शकते. घरात आजी असेल तर तिला विचारा: रात्री चूल कशी झाकायचीस? कोणते लाकूड आवडायचे? मोळी कुठून यायची, आणि तिथे कोणी अडवायचे का? उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. गावाचे नाव आणि अंदाजे साल टाका. हाही इतिहासाचा विस्तवच आहे. राखला, तर पुढच्या घरी जाईल.