उस्मानिया विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आणि वनस्पतिउद्यान

हैदराबादच्या सांस्कृतिक इतिहासात उस्मानिया विद्यापीठाचे स्थान अनन्यसाधारण आहे. या विद्यापीठाचा विषय निघाला की कला महाविद्यालयाची गुलाबी ग्रॅनाइटची भव्य वास्तू डोळ्यांपुढे उभी राहते, आणि चर्चा सहजच भाषेच्या प्रश्नाकडे, उर्दू माध्यमाकडे व १९३८ च्या विद्यार्थी चळवळीकडे वळते. विज्ञानशाखांचा इतिहास त्या मानाने मागे राहतो. वस्तुतः आपल्या देशातील भाषेत आधुनिक विज्ञान शिकवता येईल काय, आणि येत असल्यास ती भाषा कोणाची असावी, या दोन्ही प्रश्नांची खरी कसोटी विज्ञानाच्या वर्गांतच लागली. त्यातही वनस्पतिशास्त्राची गोष्ट निराळी आहे. भौतिकी किंवा रसायन यांचे विषयद्रव्य सर्व जगात सारखेच असते. वनस्पतिशास्त्राचे विषयद्रव्य मात्र विद्यार्थ्याच्या गावच्या बांधावर उगवलेले असते आणि त्याला गावाने आधीच नाव दिलेले असते. म्हणून या विभागाचा व त्याच्या उद्यानाचा इतिहास हा नावांचा आणि भाषांचाही इतिहास आहे.

नबातियात

१९१७ मध्ये सर अकबर हैदरी यांनी विद्यापीठाच्या स्थापनेविषयीचे निवेदन निजाम मीर उस्मान अली खान यांना सादर केले. त्यास मान्यता मिळून १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, आणि २८ ऑगस्ट १९१९ रोजी गनफाउंड्री भागातील इमारतीत वर्ग सुरू झाले. त्या वेळी २५ अध्यापक आणि २२५ विद्यार्थी होते. ब्रिटिश अमलाखालील मुलखात उच्च शिक्षण इंग्रजीतून चालत असताना येथे उर्दू हे माध्यम स्वीकारण्यात आले. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतर विभाग म्हणजे ‘दारुल तर्जुमा’ उघडण्यात आला. त्याची धुरा आरंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे कार्यालय त्यांनी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे नेले होते. उर्दूतील आधुनिक ज्ञानभाषेच्या घडणीचा एक मोठा अध्याय अशा रीतीने मराठी मुलखातील शहरात घडला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या योजनेत वनस्पतिशास्त्राला ‘नबातियात’ असे नाव मिळाले. पेशीला ‘खलिया’, प्रकाशसंश्लेषणाला ‘जियाई तालीफ’, कुलाला ‘खानदान’, प्रजातीला ‘जिन्स’ आणि जातीला ‘नौ’ अशी परिभाषा रूढ झाली. संज्ञा केवळ अरबी-फारसीच्या आधारे घडवाव्यात की त्यात हिंदी धातू व प्रत्ययही घ्यावेत, यावर तत्कालीन विद्वानांत कसून चर्चा झाली. विद्यापीठातील उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषानिर्मितीच्या तत्त्वांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. वनस्पतींची लॅटिन द्विनामे मात्र कोणीही भाषांतरित केली नाहीत. ती आंतरराष्ट्रीय असल्याने जशीच्या तशी ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

परभणी किंवा नांदेडहून आलेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘जिन्स’ हा शब्द अगदीच परका वाटण्याचे कारण नव्हते. त्याच्या घरी वाण्याकडून ‘जिन्नस’ येत असत, आणि हा मराठी शब्द त्याच अरबी शब्दापासून आलेला आहे. खुद्द अरबी ‘जिन्स’चे मूळ ग्रीक ‘गेनोस’ या शब्दात सापडते, आणि वनस्पतिशास्त्रातील लॅटिन ‘जीनस’ही त्याच कुळातला. पण असे धागे सर्वत्र नव्हते. संस्थानातील सुमारे निम्मी प्रजा तेलुगू भाषक, सुमारे पाव मराठी भाषक, आणि उर्दू व कन्नड भाषकांचा वाटा प्रत्येकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. विद्यापीठात मराठी हा भाषाविषय म्हणून शिकवला जाई. चिं. नी. जोशी, ना. गो. नांदापूरकर यांच्यासारख्या अध्यापकांनी ती परंपरा जोपासली. विज्ञान मात्र मराठीतून नव्हते. इंग्रजीच्या परकेपणातून एका भारतीय भाषेने वाट काढली, हे उस्मानियाचे यश होय. त्याच वेळी बहुसंख्य प्रजेच्या मुलांना दुसरी एक भाषा शिकूनच विज्ञानाच्या दारात यावे लागले, ही त्या यशाची मर्यादा होय. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय हा इतिहास न्याय्य होत नाही.

दोन ग्रंथांमधील मोकळा प्रदेश

विभागापुढे अध्यापनापलीकडेही एक मोठे काम होते. सर जोसेफ हूकर यांचा ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ १८७२ ते १८९७ या काळात पूर्ण झाला. पुढे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथ सिद्ध केला, तर गँबल यांनी १९१५ पासून मद्रास इलाख्याचे काम हाती घेतले व ते त्यांच्या पश्चात १९३६ मध्ये पुरे झाले. या दोन इलाख्यांच्या मधोमध असलेले निजामाचे विस्तीर्ण राज्य दोन्ही ग्रंथांच्या कक्षेबाहेर राहिले. १९११ मध्ये पार्ट्रिज यांनी संस्थानातील वनवृक्षांवर पुस्तक प्रसिद्ध केले होते, परंतु त्याचा रोख जंगलखात्याच्या गरजांकडे होता.

ही उणीव भरून काढण्याचा आरंभ उस्मानियाचे प्राध्यापक महंमद सईदुद्दीन यांनी केला. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी संस्थानातील सामान्य सपुष्प वनस्पती, त्यांचा आढळ व आर्थिक उपयोग यांवर लेखमाला प्रसिद्ध केली. दुर्मिळ वनस्पतींच्या मागे न लागता रस्त्याकडेच्या, शेतातल्या व माळावरच्या वनस्पतींची शिस्तवार नोंद करणे हे दिसायला साधे, पण पुढच्या सर्व अभ्यासाचा पाया ठरणारे काम होते. १९५३ मध्ये मीर सादत अली खान यांचा हैदराबाद राज्याच्या वनवनस्पतींवरील ग्रंथ आला. तीन वर्षांनी ते राज्यच नकाशावरून नाहीसे झाले.

या प्रदेशाचे वैशिष्ट्य त्याच्या भूमीत होते. वायव्येस मराठवाड्याचा काळा बेसाल्ट व त्यावरची काळी कसदार जमीन. आग्नेयेस तेलंगणाचा ग्रॅनाइट, तांबडी माती आणि शेकडो तलाव. एका बाजूला ज्वारी-कापसाची शेते, तर दुसऱ्या बाजूला तलावाखालची भातखाचरे. एकाच राज्यात खडक बदलला की रान कसे बदलते, हे विद्यार्थ्याला सुटीत घरी जाता-येताना आगगाडीच्या खिडकीतून दिसत असे.

अडिकमेटचा माळ आणि उद्यान

विद्यापीठाच्या कायमच्या जागेसाठी अडिकमेटचा खडकाळ माळ निवडला गेला. या कामी ज्यांचा सल्ला घेण्यात आला, ते सर पॅट्रिक गेडिस नगररचनाकार म्हणून प्रसिद्ध आहेत; परंतु मुळात ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८८८ ते १९१९ अशी एकतीस वर्षे त्यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे अध्यासन भूषविले आणि पुढे १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन केले. विद्येचे स्थान निवडताना जमीन, पाणी व झाडे यांचा विचार इमारतींइतकाच आवश्यक आहे, ही त्यांची दृष्टी होती. कला महाविद्यालयाची कोनशिला १९३४ मध्ये बसविण्यात आली आणि १९३९ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले.

विद्यापीठीय वनस्पतिउद्यान हे सार्वजनिक बागेसारखे केवळ विहारस्थान नसते. तेथे झाडे शोभेपेक्षा अभ्यासासाठी लावलेली असतात. परीक्षेपूर्वी कोणत्या कुलाचे फूल हाताशी असेल, पाणवनस्पतींसाठी हौद कोठे हवा, नेच्यांसाठी सावली कशी राखावी, याचा विचार त्यामागे असतो. उद्यानाच्या जोडीला हर्बेरियम असते. रानातून आणलेली फांदी दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवतात आणि कोपऱ्यातील चिठ्ठीवर नाव, ठिकाण, दिनांक व संग्राहक यांची नोंद करतात. ती फांदी शतकानंतरही साक्ष देऊ शकते. उद्यानातील झाड वाढते व मरते. हर्बेरियमचा कागद टिकतो. दोन्ही मिळूनच विभागाचे खरे ग्रंथालय बनते.

अडिकमेटच्या माळावरील मूळची रानझाडे या शिक्षणाला पूरकच होती. सीताफळ हे त्यांतले ठळक उदाहरण. अमेरिकेतून आलेले हे झाड दख्खनच्या खडकांत इतके रुजले की विद्यापीठालगतच्या वस्तीचे नावच सीताफळमंडी पडले. उर्दूत ते शरीफा. मराठी व तेलुगू नाव मात्र जवळपास एकच. तरवडाची साल कातडी कमावण्यासाठी मराठी मुलखात परिचित. तेच झाड तेलुगूत तंगेडू, आणि त्याची पिवळी फुले बतुकम्माच्या रचनेत मानाने बसतात. कुरडू हे आपल्याकडे शेतातले तण व पावसाळी पालेभाजी. तेलंगणात त्याच्या तुऱ्यांना गुनुगु म्हणतात, आणि त्यांच्यावाचून बतुकम्मा पुरी होत नाही. झाड एक, नावे दोन, आणि प्रत्येक नावामागे एका समाजाचा निराळा व्यवहार. लॅटिन नाव ओळख निश्चित करते; त्या व्यवहाराची स्मृती मात्र देशी नावातच राहते.

माध्यमाचा पालट

१९३८ च्या अखेरीस वसतिगृहातील प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली आणि विद्यार्थ्यांनी आंदोलन पुकारले. अनेकांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच होत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर विद्यापीठात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली.

हा पालट राजकीय दृष्ट्या समजण्याजोगा होता. तथापि त्याची किंमतही मोजावी लागली. तीस वर्षे खपून तयार केलेली पाठ्यपुस्तके व परिभाषा थोड्याच अवधीत कपाटात गेली. मराठी किंवा तेलुगू विद्यार्थ्याला त्यामुळे मातृभाषा मिळाली असेही नाही. एका परभाषेच्या जागी दुसरी आली. योगायोग असा की दाते-कर्वे यांचा मराठी ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ त्याच १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वनस्पतींवरील विस्तृत नोंदी असलेला मराठी विश्वकोश वाचकांच्या हाती येण्यास १९७६ साल उजाडले. उस्मानियाने उर्दूत जो प्रयोग १९१९ मध्ये केला, त्याची साधने मराठीला इतक्या उशिरा लाभली.

या उलथापालथीत दोन गोष्टींना मात्र भाषांतराची गरज पडली नाही : उद्यानातील झाडे आणि हर्बेरियममधील कागद.

तलाव आणि नदी

स्वातंत्र्योत्तर काळात विभागाने आपल्या भूमीला साजेसे संशोधनक्षेत्र निवडले. हैदराबाद हे तलावांचे शहर. हुसेनसागर सोळाव्या शतकातला. उस्मानसागर व हिमायतसागर हे १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेले. या पाण्यातील शैवलांच्या अभ्यासाची भक्कम परंपरा येथे उभी राहिली. १९६४ पासून ए. आर. झफर यांनी हैदराबादच्या मत्स्यतलावांतील शैवलांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये व्ही. वेंकटेश्वर्लू यांनी मुसी नदीतील शैवले व जलप्रदूषण यांचा संबंध दाखविणारी निबंधमाला लिहिली, आणि १९७० मध्ये एम. मुनावर यांचे तलावांवरील काम पुढे आले. हे लेखन ‘हायड्रोबायॉलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. कोणत्या पाण्यात कोणते शैवल वाढते हे पाहून पाण्याची प्रकृती ओळखता येते, हे या अभ्यासाचे सूत्र होते. प्रदूषणाचा प्रश्न सर्वतोमुखी होण्यापूर्वी मुसीच्या दुखण्याची नोंद या विभागाने करून ठेवली, ही गोष्ट नगरवासीयांनी विसरू नये.

मराठवाड्याचा वारसा

मराठवाड्यातील महाविद्यालये दीर्घकाळ उस्मानियाशी संलग्न होती. औरंगाबादचे १९२३ मधील शासकीय महाविद्यालय, तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेले तेथील महाविद्यालय ही त्यांतली ठळक नावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे त्रिभाजन झाले आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागातील डॉ. व्ही. एन. नाईक यांनी १९७९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या आणि १९९८ मध्ये दोन खंडांत समग्र मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. कुक आणि गँबल यांच्यामधील मोकळ्या प्रदेशाचा मराठी भाग अशा रीतीने भरून निघाला.

शहरांचा विस्तार होतो तसा माळ आक्रसतो आणि माळाबरोबर माळावरच्या झाडांची नावेही वापरातून जातात. हैदराबादच्या मराठी घरांतील नव्या पिढीला तरवड, कुरडू, पळस ही नावे ऐकून तरी ठाऊक असावीत, यासाठी मराठी ग्रंथालयांना करण्यासारखे पुष्कळ आहे. जुन्या वनस्पतिविषयक पुस्तकांचे जतन, वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेल्या नावांची नोंद, आणि उद्यानातील पाट्यांवर लॅटिन नावासोबत तेलुगू, उर्दू व मराठी नावे यावीत असा आग्रह, ही कामे खर्चाची नाहीत, चिकाटीची आहेत.

हर्बेरियममध्ये एक जुना शिरस्ता पाळला जातो. वनस्पतीचे शास्त्रीय नाव पुढील संशोधनात बदलले, तर जुनी चिठ्ठी फाडून टाकत नाहीत. एके काळी ‘ब्युटिया फ्राँडोसा’ म्हणून नोंदलेला पळस आज ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ ठरतो. तेव्हा नव्या नावाची चिठ्ठी त्याच कागदावर शेजारी लावतात आणि मूळ संग्राहकाचे अक्षर तसेच राहू देतात. उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी या साऱ्यांच्या चिठ्ठ्या अंगावर वागविणाऱ्या या शहराला, आणि त्यातील ग्रंथालयांना, हाच शिरस्ता मार्गदर्शक ठरावा.