मेक्सिकोची मिरची आणि मराठवाड्याची भाकरी : खाद्यपरंपरेच्या पायाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोणत्याही प्रदेशाच्या खाद्यपरंपरेचा विचार करताना चव आणि मसाले यांकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः पाककलेचा पाया मसाल्यात नसून शेतात एकत्र पिकणाऱ्या धान्य-कडधान्यांत आणि त्यांवर होणाऱ्या संस्कारांत असतो. मेक्सिको व मराठवाडा या परस्परांपासून दूर असलेल्या दोन कोरडवाहू प्रदेशांच्या आधारे हे सूत्र प्रस्तुत लेखात तपासले आहे.

मेक्सिको : मका आणि मिल्पा

सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागातील बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका विकसित झाला. तेथील पारंपरिक शेतीला 'मिल्पा' म्हणतात. तीत मका, घेवडा व भोपळा एकाच शेतात घेतले जातात. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, तर भोपळ्याची पाने जमिनीतील ओल राखतात. हीच सोबत ताटातही उतरली आणि मक्याच्या जोडीला घेवड्याची उसळ आली.

या पाककलेचा दुसरा आधार म्हणजे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, मग दगडी पाट्यावर वाटण्याची रीत. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते. पुढे मका युरोपात गेला. ही रीत मात्र गेली नाही. परिणामी मक्यावरच गुजराण करणाऱ्या उत्तर इटलीतील गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा रोग पसरला. २०१० साली युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाककलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला, तेव्हा पदार्थांबरोबरच ही शेती आणि ही रीतही विचारात घेतली गेली.

मराठवाडा : ज्वारी आणि तूर

नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेड या नांदेड जिल्ह्यातील तालुक्यांत आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात मक्याचे स्थान ज्वारीकडे होते. ज्वारीही मुळात येथील नव्हे. तिचे मूळ आफ्रिकेतील सुदानच्या परिसरात असून ती प्राचीन काळी भारतात आली. ज्वारीच्या ओळींत तुरीचे पाटे टाकण्याची पद्धत मिल्पाशी नाते सांगणारी आहे. माणसाला भाकरी व वरण, जनावराला कडबा आणि जमिनीला तुरीचा पालापाचोळा असा हा सलग व्यवहार होता. मार्गशीर्ष अमावास्येला साजऱ्या होणाऱ्या येळवशीला शेतातच भज्जी, आंबील आणि ज्वारी-बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य होतो. विविध शेंगांचे दाणे व पालेभाज्या घालून केलेली भज्जी ही त्या शेतीचीच साक्ष होय.

ही जोडी मोडली की काय होते, याचा पुरावाही दख्खनमध्येच मिळतो. हैदराबाद येथे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या गरिबांतील पेलाग्राकडे लक्ष वेधले आणि त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीनच्या अधिक प्रमाणाशी जोडला. या कारणमीमांसेविषयी पुढे मतभेद झाले. तथापि धान्य एकटे पुरेसे नसते, ही बाब इटलीप्रमाणे येथेही स्पष्ट झाली.

मिरचीचे आगमन

कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (इ. स. ११२९ च्या सुमारास) पदार्थांचे तपशीलवार वर्णन आहे. तेथे मिरे, हिंग, आले आहेत, मिरची नाही. असणे शक्यही नव्हते. मेक्सिकोत लागवडीखाली आलेली मिरची १४९२ नंतर अमेरिकेबाहेर पडली आणि पोर्तुगीजांमार्फत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आले होते.

मराठीने या परक्या फळाला 'मिऱ्या'वरूनच नाव दिले. स्पॅनिश भाषेतही मिऱ्याच्याच शब्दावरून मिरचीला 'पिमिएंतो' हे नाव मिळाले. मलबारची मिरी विकत घ्यावी लागे, तर मिरची परसात पिकत असे. त्यामुळे तिखट ही गरिबाच्या आवाक्यातील वस्तू झाली. ठेचा व काळा मसाला यांचा आज 'अस्सल' म्हणून गौरव होतो, तो या स्थित्यंतरानंतरचा आहे. नायगावजवळचे धर्माबाद तर मिरचीच्या बाजारासाठीच ओळखले जाते. तरीही मिरचीने भाकरी-वरणाची जागा घेतली नाही. ती त्यांच्या सोबतीला बसली.

पायातील बदल

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली 'मिलो' ही ज्वारीच होती. पण ती शेतातून नव्हे, रेशन दुकानातून घरात आली. पुढे स्वस्त गहू-तांदूळ, बैलांची घटती संख्या आणि सोयाबीनला मिळणारा रोख पैसा यांमुळे खरीप ज्वारीचे क्षेत्र आकसले. सोयाबीनसोबत तूर टिकली, परंतु सोयाबीन घरच्या ताटात न येता बाजारात जाते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, तेव्हा ज्वारीचा आरोग्यदायी अन्न म्हणून गौरव झाला. कडबा आणि तुरीसह असलेल्या तिच्या शेतीचा विचार मात्र मागे राहिला.

निष्कर्ष

बाहेरून आलेल्या पिकांनी मराठवाड्याची खाद्यपरंपरा भ्रष्ट झाली, असे इतिहास सांगत नाही. ज्वारी आणि मिरची या दोन्ही परदेशीच होत. शेत, घर आणि गोठा यांना एकत्र बांधणारी व्यवस्था टिकली तोवर या परंपरेने प्रत्येक नव्या पिकाला सामावून घेतले. म्हणून परंपरेच्या जतनाचा प्रश्न केवळ पाककृतींच्या नोंदींनी सुटणारा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला ज्वारी पेरणे परवडेल काय, या प्रश्नाच्या उत्तरावर भाकरीचे भवितव्य अवलंबून आहे.