नगररचनेचा शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवताना

पॅट्रिक गेडिस यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली होळकर संस्थानाच्या छापखान्यातून दोन खंडांत बाहेर पडला. बडोद्याच्या विकासाविषयीचा त्यांचा अहवाल त्याआधी दोन वर्षांचा. दोन्ही अहवाल दरबारांसाठी लिहिलेले होते, तरीही नगररचनेचे अभ्यासक आजही ते उघडतात. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी मोजकी दुरुस्ती करून ती राहण्याजोगी कशी करावी, हा त्यांतला प्रश्न इंदूरपुरता नव्हता.

या शहरांविषयी लिहिणाऱ्यांची आजही वाण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथे वास्तुशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्राचे प्रबंध तयार होतात आणि बव्हंशी विद्यापीठाच्या कपाटात किंवा ‘शोधगंगा’च्या साठ्यात विसावतात. विकास आराखड्यावर हरकत घेताना किंवा जमीनवापराचा वाद न्यायालयात गेल्यावर मात्र परीक्षणातून गेलेल्या, छापील निबंधाच्या हवाल्याला अधिक वजन असते. म्हणूनच प्रबंधातून निबंध काढून तो योग्य नियतकालिकाकडे पाठवण्याचे कसब जाणून घेणे अगत्याचे ठरते.

पहिला प्रश्न नियतकालिकाच्या निवडीचा. लिव्हरपूलहून १९१० पासून निघणारे ‘टाऊन प्लॅनिंग रिव्ह्यू’ हे या विषयातील सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी एक. अमेरिकन प्लॅनिंग असोसिएशनच्या नियतकालिकाचा रोख प्रत्यक्ष नियोजन करणाऱ्यांकडे असतो. लंडनच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण व विकास संस्थेने १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन’चा भर आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील शहरांवर आहे. ‘एन्व्हायर्न्मेंट अँड अर्बनायझेशन एशिया’ हे नियतकालिक २०१० पासून दिल्लीच्या राष्ट्रीय नगर व्यवहार संस्थेशी निगडित आहे. मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त नागरी प्रश्नांचा खास विभाग निघतो. १९५१ साली स्थापन झालेल्या भारतीय नगररचनाकार संस्थेचेही स्वतःचे नियतकालिक आहे. प्रत्येकाचा वाचक निराळा. नियतकालिकाच्या प्रतिष्ठेचे आकडे पाहून निवड करण्याचा मोह होतो; त्यापेक्षा आपल्या संदर्भसूचीत कोणते नियतकालिक वारंवार येते ते पाहावे. जिथल्या लेखांशी निबंधाचा संवाद चालू आहे, तिथेच त्याला वाचक मिळण्याचा संभव अधिक. एक निबंध एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा असतो. दोन ठिकाणी पाठवणे हा प्रकाशनाच्या नीतीचा भंग समजला जातो आणि तो उघडकीस आल्यास दोन्ही दारे बंद होतात.

निबंध प्रथम पोहोचतो तो संपादकाच्या टेबलावर, आणि अनेक निबंध परीक्षकांचे तोंड न पाहता तेथूनच साभार परत येतात. इंग्रजी सदोष असते, हे त्याचे कारण लेखकांना वाटते तितके मोठे नसते. लेखाने कोणता प्रश्न सोडवला हेच सारांशात सापडत नाही, हे अधिक मोठे कारण. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन नियतकालिकात सारांशाचे दोन भाग करावे लागतात. पहिल्यात समस्या, संशोधनाची रीत आणि निष्कर्ष. दुसऱ्यात नियोजनकाराने त्यातून काय घ्यावे. निबंध कोठेही पाठवायचा असो, हा साचा कागदावर एकदा भरून पाहावा. दुसरा भाग रिकामा राहिला, तर निबंध अजून पुरता झालेला नाही असे खुशाल समजावे.

गोव्याच्या कोमुनिदाद जमिनींचेच उदाहरण घ्यावे. आधी १९६१ च्या संहितेचा इतिहास, मग एका गावातील अतिक्रमणांची मोजदाद आणि शेवटी शिफारशी, अशा क्रमाचे लेखन प्रबंधात शोभते. संपादकाला ते गोव्यापुरते वाटते. तीच सामग्री वेगळ्या प्रश्नाभोवती मांडता येते: सामूहिक मालकीची जमीन नियोजनाच्या नकाशात कोणत्या रंगाने दाखवली जाते, आणि तो रंग बदलला की तिच्यावरचा गावकऱ्यांचा हक्क कसा बदलतो? असा निबंध मेक्सिकोतील एहिदो या सामूहिक जमिनींवर काम करणारा अभ्यासकही वाचील. बडोद्याच्या लेखकापुढे उलट अडचण असते. मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते-उद्यानांसाठी वाटा काढून, नव्याने आखलेले भूखंड त्यांना परत देण्याची नगररचना योजनेची पद्धत १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आली आहे. तिच्यावर देशाबाहेरही पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाचल्याची खूण पहिल्या दोन पानांत दिसली नाही, तर पुढील मेहनत वाया जाते.

शब्दांचाही प्रश्न आहे. ‘गुंठेवारी’ला इंग्रजीत नुसते अनधिकृत वसाहत म्हटले की गाभा निसटतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे तुकडे गुंठ्यांच्या हिशेबाने विकले जातात. खरेदीदाराकडे पैसे दिल्याचा कागद असतो, पण आराखड्याला मंजुरी नसते. महाराष्ट्राला यासाठी २००१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. असा शब्द मूळ रूपात ठेवून पहिल्या उल्लेखातच दोन ओळींत उलगडून सांगावा. मुलाखती मराठी, कोकणी वा कन्नडमध्ये घेतल्या असतील तर भाषांतर कोणी केले तेही नमूद करावे. परीक्षक हा प्रश्न हटकून विचारतात.

नगररचनेच्या बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिकांत लेखक व परीक्षक एकमेकांस अज्ञात राहतात. त्यासाठी शीर्षकाखालचे नाव पुसणे पुरेसे नाही. फाइलच्या गुणधर्मांत, ऋणनिर्देशात, नकाशाच्या कोपऱ्यातील श्रेयात आणि ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ अशा वाक्यांत नाव दडलेले असते. नकाशांकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. विकास आराखड्याचे छायाचित्र काढून तसेच चिकटवलेले आढळते; त्याची अक्षरे वाचता येत नाहीत आणि पुनर्मुद्रणाची परवानगीही घेतलेली नसते. नकाशा नव्याने काढावा. त्यावर प्रमाण, उत्तर दिशा, सूची व स्रोत असावा, आणि तो रंगांविना छापला तरी वाचता यावा.

उसनवारीच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम ध्यानात ठेवावेत. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास सर्वांत कडक कारवाई होते. अर्थात एकच परिच्छेद उचलला तरी टक्का कमी भरतो आणि चोरी ती चोरीच राहते. लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली असल्यास तसे उघड लिहावे. प्रकाशन-नीतीविषयक समिती ‘कोप’च्या भूमिकेनुसार अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही.

परीक्षणाला महिनोन्‌महिने लागतात. त्यानंतर ‘मोठ्या दुरुस्त्या आवश्यक’ असे उत्तर आले की नवखे लेखक ते नकार समजून निबंध बाजूला ठेवतात. वास्तविक संपादकाला निबंधात रस आहे, असाच त्या उत्तराचा अर्थ असतो. पहिल्या फेरीत जसाच्या तसा स्वीकार ही अपवादात्मक गोष्ट आहे. सुधारित प्रतीसोबत प्रत्येक आक्षेपाला क्रमवार उत्तर द्यावे आणि बदल कोणत्या पानावर केला ते सांगावे. परीक्षकाचे म्हणणे पटले नाही, तर सौजन्याने व पुराव्यासह तसे लिहिता येते. दोन परीक्षकांची मते परस्परविरोधी असतील, तर संपादकालाच विचारावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता फसवणुकीविषयी. ‘आठवड्यात प्रकाशन’ असे आश्वासन देणारी, पैसे घेऊन परीक्षणाचे नाटक करणारी नियतकालिके संशोधकांना रोज आर्जवी पत्रे पाठवतात. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या मान्य यादीत शिरलेल्या १००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नावे यादीतून काढली आणि पुढे ‘केअर’ ही नवी यादी आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता निवडीची जबाबदारी संस्थांवर व पर्यायाने संशोधकावर आली आहे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही देशव्यापी सक्ती २०२२ च्या नियमावलीने उठवली, मात्र अनेक विद्यापीठांनी आपली अट कायम ठेवली आहे. या घाईतच माणसे फसतात. फसलेल्याचे नुसते पैसे जात नाहीत. एकदा छापलेली सामग्री नवी म्हणून चांगल्या नियतकालिकाला देता येत नाही, आणि चार वर्षांचे क्षेत्रकाम कायमचे निकामी होते.

पारख करणे फारसे अवघड नाही. संपादक मंडळावरील दोघांना पत्र पाठवून ते खरोखर मंडळावर आहेत का ते विचारावे. मागच्या दोन अंकांतील लेख वाचून पाहावेत. मुक्त प्रवेशाचे नियतकालिक असेल तर ‘डीओएजे’च्या सूचीत ते आहे का ते तपासावे. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक नियोजनविषयक नियतकालिकांत लेखकाला एक पैसाही द्यावा लागत नाही. शुल्क पडते ते लेख सर्वांना विनामूल्य खुला करण्याचा पर्याय निवडल्यास. वाचनाची अडचण आता थोडी हलकी झाली आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध झाली. खासगी महाविद्यालयांतील व संस्थांबाहेरील अभ्यासक मात्र अजून त्या वर्तुळाबाहेर आहेत.

निबंध स्वीकारला गेल्यावर करारपत्र येते, आणि आनंदाच्या भरात ते न वाचताच सही होते. त्यातील दोन कलमे नीट पाहावीत: स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात केव्हा ठेवता येईल, आणि भाषांतराचे हक्क कोणाकडे राहतात. ज्या वस्तीत मोजणी झाली, ज्या गावकऱ्यांनी कागद दाखवले, त्यांना तो निबंध मराठीतून वाचायला देण्याचा मानस असेल, तर तशी परवानगी सही करण्यापूर्वी लेखी मागावी.