सहास एक : एका गुणोत्तराची कुळकथा

उत्तेजक म्हणून घेतलेले कृत्रिम द्रव्य खेळाडूच्या मूत्रात सापडले की गुन्हा जवळजवळ सिद्धच होतो. परंतु टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक स्त्री-पुरुष सर्वांच्याच शरीरात तयार होत असल्याने, ते सापडले एवढ्यावरून कोणालाही दोषी धरता येत नाही. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम स्टेरॉइडांची तपासणी प्रथमच झाली, तरी ही पळवाट उघडीच राहिली.

ती बुजवण्याची युक्ती कोलोन येथील रसायनशास्त्रज्ञ मानफ्रेड डोनिके यांनी काढली. तरुणपणी ते व्यावसायिक सायकलपटू होते आणि टूर द फ्रान्समध्येही उतरले होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांना केवळ प्रयोगशाळेतून कळलेला नव्हता. टेस्टोस्टेरॉनसोबत मूत्रात एपिटेस्टोस्टेरॉन नावाचे त्याचे जुळे भावंड उतरते. दोहोंची घडण सारखीच, फक्त सतराव्या कार्बन अणूवरील एका गटाची दिशा उलटी, आणि एवढ्या फरकाने दुसरे स्नायूंच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचले की पहिले वाढते, दुसरे मात्र वाढत नाही, उलट शरीराची स्वतःची निर्मिती मंदावल्याने घटते. म्हणून डोनिके यांनी दोहोंचे गुणोत्तर मोजायचे ठरवले. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे एकही खेळाडू दोषी आढळला नव्हता, पण तेथील नमुने त्यांनी या पद्धतीने पुन्हा तपासले, तेव्हा अनेकांत हे गुणोत्तर संशयास्पद निघाले. पुढे सामान्यतः एकास एकच्या आसपास असणाऱ्या या गुणोत्तराची मर्यादा सहास एक ठरली.

ही मर्यादा निसर्गाने आखलेली नव्हती, संख्याशास्त्राने आखलेली होती, आणि तिचे दुबळेपण तिथेच होते. काहींचे गुणोत्तर जन्मतःच जास्त असते; उलट पूर्व आशियात बहुसंख्य असलेल्या, एक विशिष्ट जनुक नसलेल्या व्यक्तींच्या मूत्रात टेस्टोस्टेरॉन इतके कमी उतरते की औषध घेऊनही आकडा फारसा हलत नाही. लबाडांनी तर दोन्ही द्रव्ये एकत्रच घेण्याचा सोपा मार्ग शोधला. कॅलिफोर्नियातील बाल्को प्रकरणात उघडकीस आलेले मलम असेच होते. 2005 साली मर्यादा चारास एकवर आणली गेली, तरी मूळ अडचण तशीच राहिली.

अधिक भक्कम पुरावा कार्बनच्या समस्थानिकांनी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंनी दिला. औषधी टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून बनते आणि त्यात जड कार्बन-13 कमी असतो. मानवी शरीरातील कार्बन मात्र मिश्र आहारातून येतो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांत कार्बन-13 तुलनेने अधिक असल्यामुळे भाकरी खाणाऱ्याचे आणि गहू-भात खाणाऱ्याचे आकडे एकसारखे नसतात, म्हणून तुलना त्याच व्यक्तीच्या मूत्रातील अन्य स्टेरॉइडांशी केली जाते. 1998च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये वापरात आलेली ही तपासणी खर्चिक असल्याने तिच्याकडे कोणते नमुने पाठवायचे, हे ठरवण्यासाठी डोनिके यांचे गुणोत्तर आजही लागते. फरक इतकाच, की 2014पासून जैविक पासपोर्टात, म्हणजे खेळाडूच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींत, ते त्याच्याच आधीच्या आकड्यांशी ताडून पाहिले जाते.