नळदुर्गचं पाणी आणि फोटोतलं पाणी

फोटोतली नको असलेली वस्तू काढून तिथे हवी ती आणायची, तर हल्ली बोटाने एक गोल काढायचा आणि दोन शब्द टाइप करायचे. बास. उरलेलं एआय बघून घेतं. पण ही हौस आजची नाही बरं का, मंडळी!

१८५७ साली ऑस्कर रेलँडरने इंग्लंडमध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एकच फोटो बनवला होता. रशियात येझॉव्ह स्टालिनच्या मर्जीतून उतरला, १९४० मध्ये मारला गेला, आणि कालव्याकाठी स्टालिनशेजारी चालणाऱ्या त्याच्या जागी फोटोत नुसतं पाणी उरलं. आपल्याकडचे स्टुडिओवाले जरा मायाळू. ते गेलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत बसवून द्यायचे :)

मग यात आपण कॉम्प्युटरवाले शिरलो. २००० साली मार्सेलो बेर्ताल्मिओ आणि सहकाऱ्यांनी 'इमेज इनपेंटिंग' हा पेपर मांडला. भोवतीच्या रेषा आणि रंग हळूहळू आत ओढत आणून भोक बुजवायचं, अशी ती रीत. २०१० च्या फोटोशॉपमध्ये त्याच फोटोतले दुसरीकडचे तुकडे आणून ठिगळ लावायची सोय आली. २०२३ मध्ये आलं जनरेटिव्ह फिल. इथे खरा फरक पडला. आधीच्या दोन्ही रीतींत माल निदान त्याच फोटोतला होता. आता मॉडेल जगभरच्या लाखो फोटोंतून जे शिकलंय, त्यावरून 'इथे साधारण काय शोभेल' याचा अंदाज बांधतं आणि ते नव्याने रंगवतं.

शोभेल ते आणि होतं ते, यातलं अंतर बघायला धाराशिव जिल्ह्यातला नळदुर्ग चांगला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, इथे बोरी नदीवर बंधारा बांधला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. महालात उभं राहिलं की समोरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस मात्र कोरडा! पाण्याला वाट कुठून द्यायची हे बांधणाऱ्याने पक्कं ठरवलं होतं, म्हणून हे जमलं.

प्रयोग म्हणून कोरड्या बंधाऱ्याच्या फोटोवर मी गोल काढला आणि 'धबधबा' लिहिलं. चार सेकंदांत भिंतभर पाणी! दिसायला झकास, पण महालाच्या कमानीसकट सगळं बुडालेलं. चारशे वर्षांपूर्वीचं अख्खं इंजिनिअरिंग पुसलं गेलं आणि अनोळखी माणसाला त्यात काही खटकणारही नाही.

बरं, ती कोरडी भिंतसुद्धा पुरावाच आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या काळातल्या कोरड्या बंधाऱ्याचा फोटो म्हणजे दुष्काळाची नोंद. याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने शेतं खरवडून नेली. कुठल्या वर्षी भिंत कोरडी होती आणि कुठल्या वर्षी पाणी मावेना, हे उद्या कोणी फोटोंवरून शोधायला गेला आणि सगळ्याच फोटोंत बारमाही धबधबा असला, तर त्याने काय करायचं?

गंमत म्हणजे 'इनपेंटिंग' हा शब्द आपल्या लोकांनी जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडून उचलला. त्या मंडळींची एक शिस्त आहे. रोममधल्या चेझारे ब्रांदीच्या परंपरेत उडालेला रंग बारीक उभ्या रेघांनी भरतात. लांबून चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की भर कुठे घातली ते कळतं. आपण त्यांचं भोक बुजवणं घेतलं आणि रेघा तिथेच सोडून आलो.

उशिरा का होईना, त्या रेघा परत आणायचं काम सुरू झालंय. २०२१ पासून सी२पीए नावाचं मानक आकाराला येतंय, ज्यात फोटोला काय काय केलं याची सही केलेली नोंद फाइलसोबतच राहते. पण फोटो कुठेतरी चढवताना किंवा स्क्रीनशॉट घेताना ती नोंद सहज गळून पडते. तेव्हा सध्या तरी भार आपल्यावरच. कचऱ्याचा डबा पुसा, विजेची तार पुसा, हरकत नाही. फक्त मूळ फाइल डिलीट करू नका. आणि बदललेला फोटो पुढे पाठवताना खाली एक ओळ लिहा: पाणी नंतर घातलंय, भिंत त्या दिवशी कोरडी होती.